दोन थरांच्या मधला वेळ

थांबायला न शिकलेल्या माणसाचा मला राग येतो, आणि नानाजी तर थांबणं म्हणजे पापच समजायचे. भद्रावतीजवळच्या आमच्या कारखान्यात निम्म्या पोरांना वेल्डिंग त्यांनीच शिकवलं. कामाचा उरक एवढा, की दुसऱ्याने मास्क चढवेपर्यंत यांचा सांधा तयार. पण आता स्टेनलेसचा पाइप साध्या लोखंडी पाइपला जोडायचं काम आलं होतं. जोडायची पद्धत आधीच तपासून मंजूर झाली होती. ती आपल्याला जमते, हे प्रत्येक वेल्डरने चाचणी देऊन दाखवायचं होतं. चाचणी घेणारा मी.

पद्धत सांगायला सोपी. एक थर द्यायचा, मग पाइप निवू द्यायचा. त्यावर ठरावीक उष्णतेला वितळणारा खास खडू टेकवायचा. खडू वितळला तर अजून थांबायचं. घाई केली की सांध्याला तडे. नानाजी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा मी ओरडेपर्यंत यांचा पुढचा थर सुरू. आता तिसऱ्यांदा चुकले तर वेल्डिंग सुटून ग्राइंडर हाती येणार होता. ज्या पोरांना शिकवलं, त्यांचेच सांधे घासायचे. मला वाईट वाटत होतं, पण तडा माझी माया बघून थोडाच बुजणार होता.

तिसऱ्या चाचणीला त्यांच्या पत्नी इंदुताई सोबत आल्या. शेडबाहेर कडुनिंबाखाली तुरीच्या शेंगांची पिशवी उघडून बसल्या. मी कपाळाला हात लावला.

"मधात मधात ह्यांले माझ्याजवळ पाठव, प्रफुल," त्या म्हणाल्या. "थंड झालं की हाक मार."

पहिला थर झाला. नानाजी धुसफुसत झाडाखाली गेले.

"इथी बसून काय करू?"

"शेंगा सोला."

दुसऱ्या थरानंतर ते न सांगता गेले. तिसऱ्यानंतर मीही खडू घेऊन दाराशीच उभा होतो, म्हणून ऐकू आलं.

"पाय लांब करून काऊन बसली तू?"

"गुडघा दुखते."

"कधीपासून?"

"दोन वर्स झाले."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाले तुमी थांबले कधी?"

त्या शेंग सोलतच बोलल्या. सुरात तक्रारसुद्धा नव्हती, आणि त्यामुळेच मला ते फार लागलं. नानाजी पिशवी ओढून त्यांच्याजवळ सरकले.

मी खडू टेकवून आलो. "भाऊ, थंड झालं."

"होऊ दे," नानाजी म्हणाले. "हिचं बोलणं होऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवशी त्या सांध्यातून कापलेल्या पट्ट्या मशीनमध्ये वाकवल्या. कुठेही तडा नव्हता. मी एरवी कोणाला चहाही पाजत नाही, पण त्या दिवशी पेढे मागवले.

पुढच्या आठवड्यात खरं काम लागलं. नानाजींनी पहिला थर दिला, मास्क वर केला, हातमोजे काढले आणि कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"डॉक्टर काय म्हणे?"

मग बराच वेळ नुसतं हं, हं करत ऐकत राहिले. मी खडू टेकवला. वितळला नाही. पाइप निवाला होता, काम खोळंबलं होतं, आणि ओरडायचं सोडून मी पाय न वाजवता तिथून सरकलो.