पाहुण्याच्या नावाची डाळ

मी एक सूप बोलतोय. सार ठेवावे, फोल उडवावे, एवढाच धर्म परमेश्वराने मला नेमून दिला. तो मी निष्ठेने पाळला आणि त्यातूनच एका घराचा घात झाला.

इस्लापूरच्या एका बुरुडाने मला विणले. उदगीरच्या बाजारात नीलम्माने मला उचलले, पालथे करून वीण तपासली आणि घरी नेताच माझ्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे ओढले. तिचे पती शिवप्पा यांची घराला लागूनच तुरीची डाळमिल. यंत्रातून निघालेली डाळ थेट पोत्यांत जाई. देवाच्या नैवेद्याची आणि पाहुण्यांच्या पानातली मात्र माझ्यावरून गेल्याखेरीज शिजत नसे.

अलीकडे जवळचे गिऱ्हाईक तुटत चालले होते. मिल टिकावी म्हणून थोरल्या रुद्रेशने दुबईच्या एका व्यापाऱ्याशी तीन वर्षे धीराने संबंध जोडला. त्यांचाही धंदा बापलेकांचाच. गेल्या माघात ते वृद्ध व्यापारी मुलासह आले, मांडी घालून जेवले. निघताना शिवप्पांचे हात धरून जे बोलले, ते रुद्रेशने उलगडून सांगितले, "नमुना पाठवा म्हणतात, अप्पा. तसाच माल आला, की आपलं पिढ्यांचं नातं."

रुद्रेशने नमुन्यासाठी मिलमधली डाळ एका पिशवीत भरून घरी ठेवली. तो बाहेर पडताच नीलम्मा मला घेऊन बसली.

"अव्वा, डाळ चांगलीच हाय की," सून शिवकन्या हसली. "सोयरीक जुळवायलाव का?"

"मग काय तर! आपल्या घरी जेवून गेला तो माणूस. त्याच्या दारी खडा धाडू? देवाला अन् पाहुण्याला निवडूनच द्यावं."

दिवसभर ती एकेक दाणा निवडत राहिली. तुकडा नाही, साल नाही, डाग नाही. नामस्मरण चालू होते. मीही धन्य झालो. दुसऱ्या दिवशी रुद्रेशने पिशवी न उघडताच मोहोर लावून दुबईला धाडली. नमुना तिकडे पसंत पडला.

वैशाखात सगळ्या हंगामाची डाळ जहाजाने गेली, आणि तिकडच्या बंदरातच नाकारली गेली.

"नमुना एक दाखवला, माल दुसरा दिला, म्हणतात," तिकडून फोनवर आलेला नमुन्याचा फोटो दाखवत रुद्रेश म्हणाला.

"आपला रोजचा चोख माल हाय तो!" शिवप्पा उसळले.

"हाव अप्पा. पण नमुना तसा नव्हता. तो कुणी निवडला?"

नीलम्मा म्हणाली, "म्या."

रुद्रेशने तिकडे खरे ते सांगून पाहिले. उत्तर आले, "स्वतःच्या आईवर ढकलता?" त्यानंतर त्यांनी फोन घेतला नाही.

"म्हंजी आपण लबाडी केली, असं झालं का रे?" नीलम्माने विचारले.

श्रावणात मिल थांबली. इष्टलिंगपूजेला शिवप्पा अजून बसतात. पण पूजा आटोपली तरी कितीतरी वेळ उठत नाहीत. नीलम्माने मला मिलच्या बंद दाराआड खिळ्याला टांगले. घरात आता डाळ न निवडताच शिजते. दाताखाली खडा आला, तरी सगळे मुकाट्याने जेवतात.

वाचकहो, रोज जे देऊ शकाल, तेच पाहुण्याला आधी दाखवा. आणि कधी या घरी पंगतीला बसलात, घासात खडा लागला, तर तो हळूच ताटाखाली सारा. नीलम्मा तुमच्याकडेच पाहत असेल.