अर्धा मार्क, पुरा आवाज

मित्रांनो, हे सांगावं का न्हाई, यातच माझा आठवडा गेला. कारन चूक माझ्याच तोंडातून भायेर पडली. लपवूनच ठेवनार होतो. पन सांगतो.

मी एक जुना भोंगा हाय. हातात धरून, खटका दाबून बोलायचा. भूकंपाच्या साली मला किल्लारीकडं नेलं. मानसं ढिगाऱ्यापुढं उभी राहून माझ्यातून हाक मारायची, "गौरम्माऽ!" मग सगळे गप राहून कान द्यायचे. एकदा खालून 'ओ' आली. त्या दिवसापासून मी लई ताठ झालो.

पुढं लातूरला क्लासेस वाढले, तसा मी एका क्लासात आलो. तीनशे पोरं. कोन कुठं बसायचं, ते माझ्यातून सांगायचं काम मुरुडच्या रामलिंगकडं. पोरगा गुनाचा, पन तोंड सैल. माझा खटका अडकायचा. चांदपाशा मिस्त्री येऊन नीट करायचा. त्या महिन्यात तो आलाच न्हाई.

बायोलॉजीला झिराडकर म्याडम, अलिबागकडच्या. टेस्टमध्ये त्यांनी रामलिंगचा अर्धा मार्क कापला. मला हातात धरूनच हा शेजारच्याला म्हनला, "अर्ध्या मार्कासाठी मरती. लई यहुदी बाई हाय!"

खटका अडकलेला! ते माझ्यातून पार रस्त्यापर्यंत गेलं. पोरं खदाखदा हसली.

म्याडम पुढं आल्या. "रामलिंग, मी यहुदीच आहे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या घरात कितीतरी पिढ्या मराठीच बोलतात."

रामलिंगचं तोंड उतरलं. "म्याडम, यहुदी म्हंजे चिकट मानूस, असंच समजून राहिलो होतो मी."

"मग मला चिकट म्हण, चालेल. माझ्या आजोबांना मधे कशाला ओढतोस?"

क्लासचे सर पळत आले. "पोरं हायत म्याडम, सोडून द्या."

"सोडते. क्लासच सोडते."

परीक्षेला दीड महिना राहिलेला. रामलिंग जिन्यापर्यंत मागं गेला. "म्याडम, चुकलो. माफ करा."

"तीनशे जणांनी ऐकलं. माफी एकटीलाच का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्याडम आपली पुस्तकं न्यायला आल्या. रामलिंगनं मला उचललं, खटका दाबला. आवाजच न्हाई! आता काय? पळतच जाऊन त्यानं चांदपाशाला दुकानातून ओढून आनलं.

चांदपाशानं स्क्रू काढत इचारलं, काय झालं. ऐकून म्हनला, "ह्याचा खटका मी करतो भाई. तुझ्या तोंडाचा कोन करनार?"

रामलिंग बाकावर चढला. नीट झालेला खटका दाबून बोलला,

"काल मी बोललो ते चूक व्हतं. यहुदी ही शिवी न्हाई, मानसांचं नाव हाय. ज्यू म्हना, यहुदी म्हना, पन नावासारखं म्हना. आन माझा अर्धा मार्क गेला, कारन माझं उत्तरच चुकलं व्हतं!"

मित्रांनो, सगळा जोर लावला मी! समोरच्या चहावाल्यानं गाळनी तशीच धरून वळून बघितलं. मग तीनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाकं बडवली.

म्याडमनी पुस्तकं परत टेबलावर ठेवली. "पुरे. तिसरा धडा काढा. रामलिंग, पहिला प्रश्न तुला."

आता माझे सेल लवकर उतरतात, कड फुटली हाय. मला पुसत जावा. आन बोलायच्या आधी ऐकनाऱ्याचं तोंड डोळ्यापुढं आना, येवढंच मागनं हाय.

चांदपाशा, दोस्ता, तुला शब्द देतो. परत कुना समाजाचं नाव शिवी म्हनून माझ्यात आलं, तर जागेवर बंद पडीन. मग तू कितीबी ठोक.