कुडपणची चाल

पांडूकाका ढोलकी पाठीला बांधून महाडला आला, तेव्हा माहरुख क्लासात मुलांना टायपिंग शिकवत होती. ती घरी पोचली तोवर त्याचा दुसरा चहा संपत आला होता आणि तिच्या वतीनं सगळं ठरूनही गेलं होतं.

"वैशाखात कुडपणला सारिकाची हळद आहे," अम्मीनं, म्हणजे बदरुन्निसानं, जाहीर केलं. "बेंजो तू वाजवायचा."

"मी?"

"मग मी वाजवू? तुझ्या अब्बांनी साखरपुड्यात सारिकाच्या आजीला, चंद्राबाईंना, शब्द दिला होता."

"अम्मी, अब्बा नाहीत आता."

"माहीत आहे. पण शब्द पांडूसमोर दिला होता, आणि पांडू आहे."

आपण आहोत हे दाखवायला पांडूकाकानं मान हलवली आणि बशीतला चहा सर्रकन ओढला. सव गावचा हा ढोलकीवाला सगळं आयुष्य अब्बांच्या, म्हणजे लतीफभाईंच्या, उजव्या हाताला बसून वाजवत आला होता. "दिवसभर बटणंच तर दाबतेस गो," तो म्हणाला. "बेंजोला पन बटणंच हायत."

लतीफना जाऊन पावसाळा लोटला, थंडी लोटली होती. घरात सगळे हळू बोलत, जपून बोलत. बेंजो आणि टायपिंग यांची अशी सोयरीक जुळलेली ऐकून माहरुखला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता तिच्या तोंडून "बरं" निघून गेलं. पांडूकाकानं तिथल्या तिथे ढोलकीवर थाप मारली. झालं, सुपारी पक्की.

लतीफ मूळचे कापड्याचे. भातशेतीचं गाव, आवणीच्या, म्हणजे भात लावण्याच्या, दिवसांत तिथं शहाणा-वेडा, मुसलमान-कुणबी सगळे सारखेच गुडघाभर चिखलात. पोरवयात त्यांनी भाताच्या गिरणीच्या दारावर दोन खिळे ठोकून त्यांच्यात सायकलच्या ब्रेकची तार ताणली, आणि तिच्यावर रिकामी बाटली सरकवत वाजवायला लागले. गिरणीवाल्यानं आधी एक कानफटात दिली. मग म्हणाला, "पुन्हा वाजव बघू." पुढं ते मुंबईत एका बेंजो पार्टीत शिरले, मिरवणुकांमागून मैलोन्मैल चालले. मग मस्कतला बेकरीची गाडी चालवली. शुक्रवारी खोलीत मल्याळी, बिहारी, पेशावरी जमत आणि लतीफ पलंगावर बसून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गावचं काहीतरी वाजवून दाखवत. परतले ते इलेक्ट्रिक बेंजो घेऊन. "लोक मस्कतहून सोनं आणतात, यांनी तारांची भेंडोळी आणली," हे अम्मीचं ठरलेलं गाऱ्हाणं. ते सांगताना ती लाजायची.

त्यानंतर पोलादपूरच्या डोंगरातली हळद म्हणजे लतीफभाईचा बेंजो. तिथं ते एक चाल वाजवत, तिला सगळे 'उठवण' म्हणत. ती सुरू झाली की बसलेला माणूस उठायचाच. कमरेला पट्टा बांधून आलेले उठायचे, रुसून बसलेले मेहुणे उठायचे. एकदा जेवण वाढणारा हातातल्या आमटीच्या बादलीसकट नाचला होता आणि पहिली रांग पिवळी झाली होती. घरात मात्र लतीफनी उठवण कधी वाजवली नाही. घरी फक्त तारा जुळवण्याचं टिंग टंग. लहानपणी माहरुख त्यांच्याबरोबर हळदींना जायची, पण तिथं ती नाचायची. आणि नाचणारं माणूस चाल ऐकून कुठं ठेवतं?

उठवण मिळाली ती मोबाइलमध्ये. गेल्या साली कापड्यात झालेल्या एका लग्नाचा व्हिडिओ चुलतभावानं, उझैरनं, शोधून दिला. चित्रात नुसते हात, डोकी आणि कुणाचा तरी पंखा, पण अब्बांचा बेंजो स्वच्छ ऐकू येत होता. माहरुख रोज क्लास सुटल्यावर दार लावून बसायची. उजव्या हातात नखी, डावा हात बटणांवर. परीक्षेला बसावं तशी तिनं ती चाल पाठ केली. एकदा वाजवता वाजवता अम्मी दारात येऊन उभी राहिली, मग परत गेली आणि भांडी जरा जोरात घासू लागली. माहरुखनं ते चांगलं लक्षण मानलं.

हळदीच्या दिवशी उझैरनं टेम्पोत स्पीकर चढवला, पांडूकाकाला पुढं बसवलं आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर माहरुखला धीर दिला. "आपा, लोक नाय उठले ना, तर घाबरू नको. मी टेम्पो चालूच ठेवतो."

"कशाला?"

"पळायला."

कुडपण म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं पठार. घरांपुढं उतरती शेतं आणि मग एकदम काहीच नाही, नुसती हवा. मांडव घातलेला होता. नवऱ्याकडची उष्टी हळद सकाळीच येऊन गेली होती. तो नवरा, हृतिक, कापड्याचा. त्याच्याकडच्या बायका हळद पोचवून, जेवून परतल्या होत्या. वऱ्हाड उद्या यायचं होतं. पाटावर सारिका हळदीनं इतकी माखली होती की डोळे तेवढे ओळखू येत.

चंद्राबाई काठी टेकत आली. तिनं माहरुखचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. "हनुवटी बापाची हाय. चल, आत चल माझ्याबरोबर."

"येते आजी. आधी तारा लावून घेते."

चंद्राबाईनं जरा नवलानं पाहिलं. "आधी तारा?" ती म्हणाली, आणि आत गेली.

ऊन कलायला लागलं तशी माहरुख बेंजो मांडीवर घेऊन बसली.  आज ही माणसं उठली नाहीत, तर कुडपणात अब्बांचा शब्द माझ्या हातून मोडला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पांडूकाकानं मान हलवली. तिनं नखी मारली आणि उठवण सुरू झाली. एक बटण चुकलं नाही, एक तार अडखळली नाही.

आणि मांडव खरंच उठला. पण नाचायला नव्हे.

"आले! कापडेवाले आले!" कुणीतरी ओरडलं.

"आजच?"

"अगो, बुंदी पाडायचीय अजून!"

"पोरीला आत घ्या! नवरा बघंल!"

दोघी-तिघींनी सारिकाला पाटासकट उचललं. तिच्यावर चादर पडली, चादरीखालून ती "मी चालते, मी चालते!" ओरडत होती. आचाऱ्यानं उद्याच्या तांदळाचं पोतं आजच फोडलं. नवरीचा मामा मोरू मागच्या दारी दाढी करत होता. तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, डोक्याला टॉवेलाचाच फेटा बांधून, हार-नारळ घेऊन रस्त्याकडं धावला. स्पीकरचा आवाज खालच्या वाडीतही गेला होता, तिथून माणसं टोप्या घालत पळत वर येत होती. माहरुखला वाटलं, उठवण लागू पडतेय. ती आणखी जोरानं वाजवू लागली.

रस्त्यावर तेवढ्यात एक टेम्पो आला. मोरूमामानं दार उघडून उतरणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि वाकून म्हणाला, "यावं, यावं. पन एक दिवस आधी कसं काय केलंत, पाव्हनं?"

"मी पोलादपूरचा," तो माणूस म्हणाला. "बर्फ आणलाय."

 मग जो हशा उसळला, त्यानं मांडवाचे बांबू हलले. माहरुखचा हात थांबला. काय झालं ते तिला कुणी सांगेना, कारण बोलण्याजोगतं तोंड कुणाचंच राहिलं नव्हतं. शेवटी चंद्राबाई डोळे पुसत पुढं आली.

"ही कापड्याची चाल हाय, माझे बाय. ही वाजली की समजायचं कापडेवाले आले. त्यांच्या वरातीपुढं हीच असते. आमची पोर अजून पाटावर बसलीय, नि तू तिला सासरी नेऊन घातलीस!"

"म्हणजे... उठवण प्रत्येक गावाची वेगळी?"

"मग! आमी काय कापड्याच्या चालीवर नाचू?"

माहरुखनं पांडूकाकाकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पांडूकाका कावराबावरा झाला. "चाली येगळ्या होत्या?" तो म्हणाला. "माझ्या या कानाशी इतकी वर्षं बेंजो वाजला, कान कवाच गेला. लतीफभाई मान हलवायचा, मी ठोकायचो. मला सगळीकडं एकच वाटायची."

पुन्हा हशा. बर्फवालाही गळ्यातला हार सांभाळत हसत होता. पण मोरूमामा उरलेला साबण पुसत समजुतीनं म्हणाला, "जाऊ द्या. पोरीनं येवढं केलं, लय झालं. मोबाइल लावा त्या स्पीकरला." तो स्वतःच वायर ओढायलाही लागला.

"थांबा!" माहरुख ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. "कुडपणची चाल म्हणून दाखवा मला. कुणीही. मी वाजवते."

हे तिनं म्हणायला नको होतं. एकदम अख्खा मांडव गायला लागला. पुरुषांची चाल एकीकडं, पोरांची दुसरीकडं. मोरूमामा म्हणे सुरुवात खालून होते, खालच्या वाडीचे म्हणत वरून. एकानं तर मधेच आरती घुसवली. "तू गप रे, तू त्या वेळी पिऊन होतास!" "नि तू कुटं शुद्धीत होतास?" माहरुख एकाची ओळ पकडायची, तोवर दुसरा ती हिसकावून घ्यायचा.

चंद्राबाईनं काठीनं तिच्या पायाला टोचलं. "चल आत. तुझा बाप आधी माझ्याकडं यायचा. तारा मागनं."

मागच्या पडवीत बायका कांदे चिरत होत्या. त्यांनी सरकून जागा केली. चंद्राबाई भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि गुणगुणायला लागली. आवाज खोल गेलेला, मधेच विरणारा.

*वरच्या शेताची नाचणी गो, वारा येतो नि बोलते...*

"नाचणी लावताना म्हणायचो आमी," ती म्हणाली. "लतीफनं माझ्याकडनंच नेली ही. तार खाली घे. अजून खाली. आता तेवढा दम नाय राहिला."

माहरुखनं खुंट्या पिळल्या. तार उतरत उतरत त्या म्हाताऱ्या आवाजापाशी आली आणि त्याला चिकटली. कांदे चिरणाऱ्या बायका थांबल्या. चंद्राबाईच्या पायाचे अंगठे हलत होते: एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. उतारावरच्या शेतात माणूस तसंच चालतं, एक पाय वर, एक खाली. आणि कापड्याची चाल? ती प्रत्येक ओळीला जरा अडकून मग सुटायची, चिखलातून पाय उपसावा तशी. एवढे दिवस माहरुखला ती अडक व्हिडिओतला दोष वाटत होती. तिनं ती निगुतीनं दुरुस्तसुद्धा करायला घेतली होती. अब्बा जिथं गेले तिथल्या माणसांचे पाय बघत बसले होते. तिला आपल्या त्या दुरुस्तीचं हसू आलं.

"आली?" चंद्राबाईनं विचारलं.

"अर्धी."

"चल मग. उरलेली तिथंच यंल."

त्या दोघी मांडवात आल्या. चंद्राबाई बेंजोशेजारी उभी राहिली. तिनं ओळ धरली, माहरुख मागून गेली, पांडूकाकानं चांगला कान पहिल्यांदाच बेंजोकडं वळवला. दुसऱ्या ओळीला माहरुखचं बोट चुकीच्या बटणावर पडलं.

"वर गो, वर!" पुन्हा मांडवात आणलेल्या पाटावरून सारिका किंचाळली. "तिथं वर जाते ती!"

माहरुख वर गेली. आणि मोरूमामाच्या हातातली वायर गळून पडली. त्याचा एक खांदा उडाला, मग दुसरा. बायका कांद्याच्या हातांनीच आल्या. खालच्या वाडीची माणसं, टोप्या घातलेली, आली. आचारी आला. बर्फवाला बर्फ उन्हात ठेवून आला आणि सगळ्यांत वाईट नाचला. एक पाय लांब, एक पाय आखूड, सगळा मांडव उतारावर उभा असल्यासारखा डोलत होता. माहरुख अजूनही चुकत होती. ती चुकली की दहा तोंडं एकदम तिला बरोबर सूर ओरडून सांगत होती, आणि त्यातली नऊ चुकीची होती. उझैरनं टेम्पोचं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकून तोही शिरला.

बराच वेळ झाला. नखी धरणारं बोट सोलवटलं. माहरुख पांडूकाकाकडं वाकली. "काका, संपवायची कशी ही?"

"आपल्या हातात नाय ते," पांडूकाका घामानं निथळत म्हणाला. "जिनं ओळ धरली ती बसली की थांबायचं. त्याच्या आधी थांबलं तर नवरीला अपशकुन."

माहरुखनं चंद्राबाईकडं पाहिलं. ती मांडवाच्या मध्यावर होती. काठी तिनं बर्फवाल्याच्या हातात दिली होती.

"आजी! बसा आता!"

"का गो?"

"बोटं गेली माझी!"

"माझे गुडघे गेले त्याला किती सालं झाली, कुणाला सांगितलं मी?"

मांडव ओरडला. उझैरनं माहरुखच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला, अर्धं पाणी बेंजोवर सांडलं, तारा भिजून आणखी चकाकल्या. ओळ फिरून फिरून येत राहिली. अखेर चंद्राबाईची पावलं मंदावली. तिनं एक हात कमरेवर ठेवला, दुसरा गुडघ्यावर, आणि हळूहळू वाकायला लागली. मोरूमामानं घाईघाईनं खुर्ची सरकवली. पांडूकाकाची ढोलकी शेवटच्या थापेसाठी थबकली. माहरुखनं हात वर उचलला.

चंद्राबाईनं खाली पडलेला पदर उचलला, नीट खोचला, आणि सरळ उभी राहिली.

"नाय बसली!" सगळं कुडपण ओरडलं. "नाय बसली, नाय बसली!"

माहरुखनं नखी पुन्हा तारांवर मारली.