बगलेतला जोड

या, पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच पोचेल तुमच्यापर्यंत. आज एका कोटाची गोष्ट सांगणार आहे. कोट चांगला, शिवण त्याहून चांगली आणि ज्याच्या नावावर तो आहे तो माणूसही तसा वाईट नव्हे. पण देव माणसाला परीक्षेला बसवतो तेव्हा वेळापत्रक आधी कळवत नाही, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

एक टेलरकाका होते. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. दुकान कधीच मुलाच्या हाती गेलेलं, तरी सकाळी अंघोळ झाली की गळ्यात मापाची फीत घालूनच बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. त्या घरात त्यांचा मुलगा, नात आणि त्यांची वहिनी. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींची दृष्टीही गेलेली. खिडकी कुठं आहे एवढं उजेडावरून कळायचं, बास.

नातीनं एकदा जेवताना जाहीर केलं की यंदा सुट्टीत राजधानीला जायचं, राष्ट्रीय इतिहास संग्रहालय बघायला. सात नंबरच्या दालनात आजोबांचा कोट ठेवलाय आणि घरातल्या एकानंही तो तिथं जाऊन पाहिलेला नाही, ही काय रीत झाली? तिनं लगेच कागद घेऊन यादी केली आणि कपाटाच्या दारावर चिकटवली. सोमवारी बंद. पिशव्या दारातच ठेवायच्या. दालन तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे. मोठ्या आजीसाठी चाकाची खुर्ची, फोन करून आधी सांगून ठेवायची.

टेलरकाका म्हणाले, गुडघे दुखतात. नात म्हणाली, मग दोन खुर्च्या सांगू. काका म्हणाले, ऊन फार असतं. मुलगा म्हणाला, बाबा, दालनात ऊन नसतं, तिथं कपडे खराब होऊ नयेत म्हणून दिवेसुद्धा मंद ठेवतात. काकांनी मग कोण घर सांभाळणार ते काढलं. त्यावर वहिनी हसून म्हणाल्या की भावजी, पंचावन्न वर्षांपूर्वीचा कोट बघायचाय, नवा शिवायला नाही सांगितलेला. सगळे हसले. काकाही हसले, पण घास काही खाली उतरेना.

का उतरेना, ते सांगतो. त्यासाठी मागं जावं लागेल.

काका तेव्हा चोविशीतले, नुकतेच कात्री हातात आलेले. गावचे वकील देशाच्या पहिल्या सभेवर निवडून गेले होते आणि ज्या कागदावर देशाचा कारभार उभा राहायचा त्यावर तीन दिवसांनी त्यांची सही व्हायची होती. अंगावर धड कोट नाही. कापड त्यांनी स्वतःच आणलं होतं, मोजून मापून, वीतभरही जास्त नाही. थोरला भाऊ परगावी. काकांनी छाती फुगवून सांगितलं, होईल.

बाही बेतताना एक बाही कापली की कागदाचा साचा पालथा घालायचा आणि मग दुसरी कापायची. हे दुकानात झाडू मारणारालाही ठाऊक असतं. काका घाईत साचा पालथा घालायला विसरले. कात्री चालली, आणि टेबलावर दोन बाह्या पडल्या, दोन्ही डाव्या हाताच्या.

वहिनी काज करायला आल्या होत्या. त्या घरात काज, अस्तर, हाताचं सगळं काम त्यांचं. त्यांनी बाह्या उचलल्या, उजेडात धरल्या. एक बाही पुन्हा बेतली. ती बगलेत चार बोटं कमी पडली. मग कोटाच्या आतल्या दुमडीतून त्रिकोणी तुकडा काढला आणि तिथं असा बसवला की कापडाचा धागा धाग्याला मिळाला. दोन दिवस पाठ टेकली नाही बाईनं. काकांचे हात इतके कापत होते की टाचणीही धरवेना. अख्खा कोट वहिनींनी शिवला. वकील तो घालून गेले आणि सही करून आले. वहिनी एवढंच म्हणाल्या, यांना कळू द्यायचं नाही. थोरल्याचा हात जरा कडक होता. आणि त्यांनी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

चार वर्षांपूर्वी वकिलांच्या घरच्यांनी तो कोट संग्रहालयाला दिला. चौकशीला माणसं येणार असं कळलं, तेव्हा वहिनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे निघाल्या होत्या. उभ्या आयुष्यात काही न मागितलेली बाई दारात थांबली आणि म्हणाली, भावजी, बाह्यांचं काही बोलू नका, पण माझं नाव घाला त्यात कुठंतरी. बारीक अक्षरात का होईना. काका म्हणाले, म्हणजे काय वहिनी, घालणारच.

संग्रहालयाची माणसं कोट घेऊनच आली. कॅमेरा आला. भिंग लावून त्यांनी बगल पाहिली आणि थक्क झाली. म्हणाली, ही नंतरची दुरुस्ती नाही, शिवतानाच केलेला जोड आहे. हे कुणी केलं आणि कशासाठी? शेजारी मुलगा उभा, नात उभी, दोघांचे डोळे चमकत होते. आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, मी केला. हात मोकळा फिरावा म्हणून.

एकदा निघालं ते निघालं. बाण परत येत नाही. संग्रहालयात कोटाशेजारच्या पाटीवर तेच छापलं गेलं. नातीनं शाळेत त्यावर निबंध लिहिला, तो चौकटीत बसवून भिंतीला लावला. वहिनी ऑपरेशन फसून परत आल्या. त्यांना ना चौकट दिसली ना निबंध. त्यांनी एकदाच विचारलं, घातलंत ना? काका हो म्हणाले. तेव्हापासून रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते.

आता तिकिटं निघाली. गुरुवारची. नात वहिनींना म्हणाली की मोठ्या आजी, पाटीचा फोटो माझ्या फोनवर आहे, वाचून दाखवू का? काकांनी जवळजवळ हिसकावूनच फोन घेतला. म्हणाले, मी वाचतो, तू पिशव्या बघ.

खोलीत दोघंच उरले. वहिनींनी पदर सारखा केला, जसं कोणी मोठं माणूस घरी येणार असावं. काकांनी वाचायला सुरुवात केली. सभेचं नाव, साल, वकिलांचं नाव. मग पुढची ओळ आली. तिथं स्वतःचं नाव, ठळक. काकांना देवानं त्या क्षणी दोन वाटा दाखवल्या होत्या, सरळ आणि सोपी. ते सोपीनं गेले. स्वतःच्या नावाच्या जागी त्यांनी वहिनींचं नाव वाचलं.

वहिनी म्हणाल्या, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा काकांनी फोन खाली ठेवला. वहिनींनी हात पुढं करून त्यांचं मनगट शोधलं.

"भावजी, तिथं गेल्यावर एक करा. माझं बोट धरून त्या नावावर ठेवा. काचेवरून का होईना, मला हात लावायचाय."

चोरावर मोर म्हणतात, तसा हा प्रकार होता, फक्त चोरही तेच आणि मोरही तेच. आधी बाईचं काम घेतलं, मग शब्द मोडला, आणि आता खोटा आनंद हातात दिला, जो गुरुवारी काचेसमोर पुसला जाणार होता. काका देवासमोर बसले तर नजर वर जाईना. देवाकडे काय मागायचं? पाटीवरची अक्षरं आपोआप बदलून दे म्हणून? देव कारागीर आहे, साथीदार नव्हे.

दोन दिवस काढले. तिसऱ्या सकाळी काकांनी संग्रहालयात फोन लावला. कपड्यांच्या विभागातल्या बाई बोलायला आल्या, खुर्चीबद्दल सांगायला लागल्या. काका म्हणाले, खुर्ची राहू द्या, आधी माझं ऐका. आणि त्यांनी सगळं सांगितलं. साचा पालथा घालायला विसरलो इथपासून.

बाईंनी विचारलं, आम्ही खात्री कशी करायची? काका म्हणाले, त्या डावऱ्या आहेत. कोटाची काजं बघा. माझ्या हातचे टाके एका बाजूनं चढतात, त्यांचे उलट्या. आणि जोडाचे टाकेही तसेच. बाईंनी दुपारी उलट फोन केला. खरं आहे, म्हणाल्या. पण पाटी बदलायची तर समितीपुढं जावं लागेल, दोनेक महिने लागतील. गुरुवारपर्यंत फार तर एक छोटा कागद काचेच्या आत ठेवता येतो का ते बघते, तेही नक्की नाही. तुम्ही हे लिहून पाठवा, घरच्या एका साक्षीदाराची सही घेऊन.

साक्षीदार. काका त्या शब्दापाशीच अडकले. मग त्यांनी नातीला हाक मारली, मुलाला बसवलं आणि कागद वाचून दाखवला. मुलगा उठून दुकानात निघून गेला. नात भिंतीवरच्या निबंधाकडे बघत होती. तिनं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि एवढंच विचारलं की मोठ्या आजीला कोण सांगणार? काका म्हणाले, मीच.

वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. काकांनी उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. शब्द मोडल्याचं सांगितलं, परवाचं वाचन खोटं होतं ते सांगितलं, कागद पाठवल्याचंही सांगितलं.

वहिनींनी विचारलं, "बाह्यांचंसुद्धा लिहिलंत?"

"सगळं लिहिलं."

"ते कशाला लिहिलंत? ती माझी झाकली मूठ होती. तुमच्या दादांना मरेपर्यंत कळू दिलं नाही मी. आता सगळ्या देशाला सांगितलंत."

काका म्हणाले, त्याशिवाय जोड तुमचा ठरत नव्हता.

वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग हळूच म्हणाल्या की चार वर्षं नाव नव्हतं, ते एक वेळ सोसेन. नाव नसण्याची सवय असते बायकांच्या हाताला. पण परवापासून दोन दिवस मी त्या नावावर जगले हो. ते कशाला केलंत?

काका तेव्हा कुठं त्यांच्यासमोर खाली बसले.

"गुरुवारी मी येणार," वहिनी म्हणाल्या. "कागद ठेवला असेल तर त्यावर बोट ठेवीन. नसेल तर बगल कुठं आहे ते सांगा, तिथं काचेवर हात धरीन. तुम्ही खुर्ची ढकला. पण वाचायचं पोरीनं. तुमच्या वाचण्यावर आता माझा भरवसा नाही."

काका हो म्हणाले. कपाटाच्या दारावरच्या यादीत नातीनं शेवटी एक ओळ वाढवली होती, ती त्यांनी चष्मा लावून वाचली. वाचणार: मी. त्याच्या खाली त्यांनी लिहिलं, खुर्ची ढकलणार: मी.

तर मंडळी, समिती बसेल तेव्हा बसेल. तोवर तुमच्यापैकी कोणाचं त्या संग्रहालयात जाणं झालं, तर सात नंबरच्या दालनात पाटीवर कदाचित जुनंच नाव दिसेल. ते वाचा, काकांचा राग करू नका, त्यांचं त्यांना पुरेसं झालंय. पण त्या कोटाच्या उजव्या बगलेकडे क्षणभर बघा, आणि दुसऱ्याची चूक झाकायला दोन दिवस पाठ न टेकलेल्या त्या डावऱ्या बाईची मनोमन आठवण काढा. एवढंच मागणं आहे माझं.