वेलांटीसाहेबांचा ब्राउझर

छापखान्यात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला आठवत नसे. एकोणचाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली आणि एकोणचाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून जगाशी भांडले, की इथे वेलांटी पहिली की दुसरी. लोक आधी पाठीमागे 'वेलांटी' म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणातच 'आमचे वेलांटीसाहेब' म्हणून टाकलं, तेव्हा ते स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

घरी त्यांची बायको. ती शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे गल्लीतली लहानथोर सगळी तिला बाई म्हणत. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या संसारात बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवलेला काँप्युटर हा तिसरा माणूस. निवृत्तीनंतरही छापखाना त्यावर पानं पाठवायचा. ब्राउझर उघडायचा, पान वाचायचं, चूक दिसली की तिथेच दुरुस्त करून परत पाठवायचं. सकाळी नऊ ते बारा साहेब इस्त्रीचा शर्ट घालून त्या खुर्चीत बसत. घरात बसायला इस्त्रीचा शर्ट कशाला, असं बाईंनी एकदाच विचारलं होतं. "कामावर आहे मी," एवढंच उत्तर मिळालं.

मग डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढला आणि त्याच्या मधोमध पेन्सिलीनं डाग केला. उजव्या डोळ्याचा पडदा मध्यभागी गेलेला होता आणि डावा त्याच वाटेवर. कडेचं दिसत राहील, म्हणाल्या, मधलं जाईल. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. तोवर अक्षरं मोठी करून वाचा.

"म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसायचं नाही," घरी येताना साहेब म्हणाले. "बाकी सगळं दिसणार. तुझ्याकडे बघायचं असेल तर आता मला कपाटाकडे बघायला हवं."

बाई हसल्या. हसून झाल्यावर घरापर्यंत त्यांनी साहेबांचा हात सोडला नाही.

अक्षरं मोठी करायची तर काँप्युटरवरचा जुना ब्राउझर त्या कामाचा नव्हता. म्हणून बाईंनी दुरुस्तीवालीला बोलावलं. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, वर्तुळाच्या प्रमेयात दोनदा आपटलेली आणि आता चौकात स्वतःचं दुकान चालवणारी. तिनं अर्ध्या तासात तीन नवे ब्राउझर टाकून दिले. पडद्यावर ओळीनं तीन चित्रं उमटली, एक निळी चकती, एक हिरवं पान आणि एक नारिंगी त्रिकोण.

"एकेक आठवडा एकेक वापरून बघा, काका," ती म्हणाली. "तिन्ही चांगलेच आहेत. चष्म्याच्या काडीसारखं असतं हे, कुणाच्या कानाला कुठली टोचेल सांगता येत नाही. आवडेल तो ठेवू, बाकीचे काढून टाकू."

बाईंनी लगेच वही काढली, पट्टीनं रकाने आखले. अक्षर किती मोठं होतं, ओळ नीट मोडते का, डोळ्यांना त्रास किती. प्रत्येकाला दहापैकी गुण. चाळीस वर्षांची सवय, हातात लाल पेन आलं की त्यांना बरं वाटायचं. मनातून त्यांचा कौल त्रिकोणाला होता, पण परीक्षकानं असं बोलून दाखवायचं नसतं.

पहिला आठवडा निळ्या चकतीचा. ती अक्षरं हवी तेवढी मोठी करायची, पण त्याबरोबर सगळं पानच फुगायचं. ओळ पडद्याबाहेर जायची. साहेब ती उजवीकडे ओढत, शेवटापर्यंत जात, परत डावीकडे येत, आणि येईपर्यंत कुठल्या ओळीवर होतो तेच विसरत.

"अहो, चार देऊ का पाच?" बाईंनी विचारलं.

"तीन दे. आणि तेही दयेनं."

दुसरा आठवडा हिरव्या पानाचा. यात एक कळ दाबली की जाहिराती, चित्रं, चौकटी सगळं गायब. पिवळसर पानावर नुसता मजकूर, आणि अक्षर कितीही वाढवा, ओळ पडद्याच्या आतच मोडायची. साहेब पहिल्या दिवशी खूश होऊन उठले. "आज अकरा पानं झाली," म्हणाले. "अगं, डोळ्यांत काही फार बिघडलेलं नाही. ब्राउझरच वाईट होता." जेवतानाही त्यांचं तेच चाललं होतं. बाईंनी वहीत नऊ गुण टाकले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दोन दिवसांनी साहेब आंघोळीला गेले असताना बाई सहज काँप्युटरशी बसल्या. आदल्या दिवशी पाठवलेली पानं उघडीच होती. पुस्तक पक्ष्यांवरचं होतं, ऋतू बदलला की ते कुठे जातात त्यावर. बाई दोन ओळी वाचायला म्हणून थांबल्या.

मूळ मजकुरात 'नदिच्या किनाऱ्यावर' असं होतं. साहेबांनी दुरुस्ती केली होती. आता तिथे 'नदिच्या कीनाऱ्यावर' होतं. चूक त्यांना कळली होती, तिची वेलांटीही बरोबर ठरवली होती. फक्त ती पडली होती शेजारच्या शब्दावर.

बाईंनी पुढचं पान उघडलं, मग त्याच्या पुढचं. सगळीकडे तेच. बरोबर शब्दांवर निळ्या खुणा, चुकीचे शब्द जसेच्या तसे. एका जागी 'पक्ष्यांचे थवे' ऐवजी 'पक्षांचे थवे' छापलं होतं आणि त्यावर खूणसुद्धा नव्हती. याच एका चुकीसाठी या माणसानं कधीकाळी चालू यंत्र थांबवलं होतं. "हे राजकीय पक्ष आहेत का, हवेत उडायला?" असं ओरडले होते म्हणे.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. साहेब काहीतरी गुणगुणत होते. बाईंनी पान बंद केलं आणि भाजी आणायला जाते असं सांगून घराबाहेर पडल्या. कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी छापखान्यात फोन लावला. आता तिथलं सगळं थोरल्या मालकांची सून बघायची.

"त्यांच्या पानांत काही चुका राहतात का हो हल्ली?" बाईंनी विचारलं.

पलीकडून दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाई, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं आम्हाला," मालकीणबाई म्हणाल्या. "वर्ष होत आलं. त्यांची पानं आली की आम्ही बाजूला ठेवतो. मूळ पानं दुसरीकडे तपासून घेतो."

"मग पाठवता कशाला?"

"सासरे जाताना सांगून गेले. वेलांटीसाहेबांचं काम बंद करायचं नाही म्हणून. आणि आमच्यापैकी सांगायचं कुणी, बाई? तुम्हीच सांगा."

बाई भाजी न घेताच परत आल्या. साहेबांच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून बाईंनी एक नवं काम अंगावर घेतलं. साहेब जेवण करून दोन ते चार झोपत. ते घोरायला लागले की बाई हलक्या पावलांनी बाहेरच्या खोलीत यायच्या, शब्दकोश मांडीवर घ्यायच्या आणि सकाळी पाठवलेली पानं परत उघडून ओळीनं निस्तरायच्या. त्यांची स्वतःची वेलांटी यथातथाच होती. कोन-त्रिज्यांत आयुष्य गेलेलं, एकेका शब्दासाठी तीनतीनदा कोश उघडावा लागे. छापखाना ही पानं उघडणारसुद्धा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या करत राहिल्या. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. साहेबांच्या नावानं गेलेलं पान चुकीचं जाऊ नये, एवढंच.

तिसरा आठवडा उजाडला, नारिंगी त्रिकोणाचा. हा ब्राउझर वाचून दाखवायचा. आवाज कुणा अनोळखी बाईचा होता, तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखा. साहेबांनी पाच मिनिटांत त्याला नापास केलं.

"हिला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही. 'दिन' लिहा नाहीतर 'दीन' लिहा, हिला सारखंच. एक दिवस आणि एक गरीब माणूस, दोघांना एकाच तागडीत घालते! आवाजानं प्रुफं तपासता येतात का कुठे?"

पण मंगळवार-बुधवारकडे त्यांनी तो आवाज परत लावला. कारण त्यांनी सांगितलं नाही. डाव्या डोळ्याची नजर त्या आठवड्यात फार झपाट्यानं उतरली होती, हे बाईंना नंतर कळलं. बुधवारी संध्याकाळी बाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आवाज कालची पानं वाचत होता. तो सगळंच वाचायचा, कडेच्या बारीक टिपासुद्धा. पान संपलं आणि त्याच सपाट सुरात तो म्हणाला, "शेवटचा बदल, मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."

साहेबांनी आवाज बंद केला. मान वळवली, बाईंच्या जरा डावीकडे, कपाटाच्या दिशेनं. म्हणजे ते बाईंकडेच बघत होते.

"तीन वाजता मी झोपलेलो असतो," ते म्हणाले.

बाई टेबलाशी आल्या. त्यांनी चहा टेबलावर ठेवला.

"किती दिवस?"

"आठ-दहा."

"फार असतात का?"

बाईंनी कपबशी त्यांच्या हाताशी सरकवली.

"अगं, मी चिडत नाहीये. विचारतोय. फार असतात का?"

"सगळ्याच," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला कळतात सगळ्या. तुमचं काही चुकत नाही. फक्त खूण शेजारी पडते. एक शब्द सोडून."

"एक शब्द सोडून." साहेबांनी मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. "छापखान्याला माहीत आहे?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. बाईंनी तोंड उघडलंही. पण आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून त्यांनी सिद्ध न होणारं काही सांगितलं नव्हतं, आणि या माणसाशी तर नाहीच.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या.

 साहेबांनी शर्टाच्या बाह्यांची बटणं काढली, एकेक, हातानं चाचपून. "वर्षभर मी बरोबर शब्द बिघडवत होतो," म्हणाले, "आणि सगळे मला सांभाळून घेत होते." आणि उठून आतल्या खोलीत गेले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले, ते खुर्चीकडे फिरकले नाहीत. शर्ट दांडीवरच होता. तिसऱ्या दिवशीही तसंच. बाईंनी विषय काढून बघितला, भांडायलाही बघितलं. साहेब "हो" म्हणत, "बरं" म्हणत. एवढा भांडकुदळ माणूस, आणि आता नुसतं "बरं".

रविवारी दुरुस्तीवाली आली. "काय काका, कोण पहिला आला?"

बाईंनी वही पुढे केली. तिन्ही रकाने गुणांनी भरलेले होते. साहेबांनी तिकडे हात हलवला.

"ते राहू दे. तुला कुठला बरा वाटतो?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मला? माझं काय त्यात? तुम्हाला वाचायचं आहे."

"मला नाही वाचायचं आता. तू वाचणार, मी ऐकणार. तेव्हा तुझ्या डोळ्यांना बरा असेल तो ठेव. तुझे डोळे जपायला हवेत," साहेब म्हणाले. "एवढेच उरलेत घरात."

तीन आठवडे बाईंनी गुण दिले होते आणि स्वतःला कुठला आवडतो हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.  त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या पानावर बोट ठेवलं. दुरुस्तीवालीनं खाली मान घालून बाकीचे दोन काढून टाकले. जाताना तिनं दारातच बाईंचा खांदा धरला.

दुपारी साहेबांनी छापखान्याला पत्र सांगितलं आणि बाईंनी ते उतरवून घेतलं. चारच ओळी होत्या. यापुढे पानं पाठवू नयेत, इतके दिवस सांभाळून घेतलंत त्याबद्दल आभारी आहे, थोरल्या मालकांची आठवण येते, कळावे. बाईंनी एकदा वाचून दाखवलं.

"पाठव," साहेब म्हणाले.

पक्ष्यांचं पुस्तक दोन महिन्यांनी छापून आलं. मालकीणबाईंनी एक प्रत घरी पाठवली आणि सगळा मजकूर काँप्युटरवरही. बाई आता रोज चार वाजता हिरव्या पानात तो उघडतात आणि मोठ्यानं वाचतात. साहेब शेजारी वेताच्या खुर्चीत बसतात, चेहरा खिडकीकडे करून.

परवा वाचताना बाईंनी मुद्दाम चूक केली. थंडी सुरू झाली की हे पक्षी दक्षिणेकडे निघतात, असं लिहिलेलं होतं. बाईंनी 'उत्तरेकडे' वाचलं, चांगलं ठासून, आणि थांबल्या. एरवी हा माणूस खुर्चीतून उडाला असता. थंडीत उत्तरेकडे, काय गारठून मरायला? असं काहीतरी तो म्हणाला असता, निदान हसला तरी असता.

साहेबांच्या कपाळावर क्षणभर आठी पडली. त्यांना कळलं होतं. बाईंनी श्वास धरला.

"का थांबलीस?" ते हळूच म्हणाले. "छान वाचतेस. वाच पुढे."