दोन्हीकडचा एकेक फोटो

आमचे संपादक फूटपट्टी घेऊन बसतात. दंगलीच्या बातमीत दोन्ही समाजांना सारखीच जागा मिळाली पाहिजे, हा त्यांचा नियम. रेघभर फरक दिसला तरी पान परत येतं.

त्या दिवशी एकाच वस्तीतली घरं जाळली गेली. नऊ माणसं मेली, सगळी एकाच समाजाची. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या दोन्ही मुली त्यात गेल्या. तिचा फोटो मी घेऊन आलो.

"आणि दुसरी बाजू?" संपादकांनी विचारलं.

"साहेब, त्यांचं कुणी मेलंच नाही."

"मग जखमी शोध. एकतर्फी बातमी मी छापणार नाही."

मी दवाखाना गाठला. तिथे एक रंगारी सापडला, हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. कसा भाजला विचारलं, तर गडी हसायला लागला. "घर पेटवताना पेट्रोल जरा जास्तच ओतलं गेलं हो!"

मी ते जसंच्या तसं लिहून दिलं. संपादकांनी खोडलं. "जखमी माणूस काहीही बरळतो. 'आगीत भाजला' एवढं पुरे. आपण तटस्थ आहोत."

मग पट्टी लावून त्यांनी दोन्ही फोटो एकाच मापाचे केले आणि शेजारी शेजारी लावले. बातमीवर नाव माझंच गेलं.

सकाळी रंगाऱ्याचा फोन आला. "भाऊ, फोटो झकास आलाय! आईने कापून भिंतीवर लावलाय. शेजारची ती रडकी बाई तेवढी कापून टाकली."