हौशीरामांचा चिनी काढा

मार्गशीर्ष लागला की निमगाव साव्याच्या हौशीरामांची जीभ बंड करायची. महिनाभर घरात अंडंसुद्धा शिरू द्यायचं नाही, हा त्यांच्या बायकोचा, कुशाबाईचा कायदा. आणि थंडी नेमकी अशी, की माणसाला रस्सा सोडून दुसरं काही सुचू नये. यंदा मात्र त्यांना देव पावला. नात आरती चीनमधून डॉक्टरकी शिकून आली आणि येताना मुळ्या, साली, सुकलेली लाल बोरं अशी पिशवीभर औषधं घेऊन आली. तिकडं हिवाळ्यात घरोघर त्यांचा काढा करतात म्हणे, अंगात ऊब राहते.

"आणि आबा, तिकडच्या म्हाताऱ्या त्यात काळी कोंबडी घालतात," ती सहज बोलून गेली.

बास. तिनं बोलायचा अवकाश, हौशीरामांचे गुडघे जे दुखायला लागले ते थांबेचनात. बेल्ह्याच्या बाजारातून काळी कोंबडीही आली.

"महिना कंचा चाललाय?" कुशाबाईनं विचारलं.

"आगं, औषधाला कुटं महिना असतो? ही कोंबडी न्हाई, औषध हाय."

कुशाबाईनं कोंबडी खालीवर न्याहाळली. "औषध हाय तर औषधावानीच करू. पर माझ्या चुलीवर न्हाई, गोठ्यापल्याड. आन तिखटमीठ पडायचं न्हाई."

नाही तर नाही. बंडीच्या खिशात मिठाची पुडी टाकायला कितीसा वेळ लागतो? हौशीराम तीन दगडांपुढं ठाण मांडून बसले. लाकडं सारायची, झाकण उचलायचं, वास घ्यायचा, पुन्हा झाकायचं. दुपार कलली. तंगडी अशी मऊ शिजली की बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं नुसतं निमित्त. भाकरी तर केव्हाची मांडीवर तयार होती, मीठ तेवढं आयत्या वेळी भुरभुरायचं.

तेवढ्यात कुशाबाई फडकं आणि पातेलं घेऊन आली, मागोमाग आरती. आजवर अडुळशाचा काढा गाळला, तसाच हाही गाळला, पळीनं दाबून निथळला आणि फडक्यात राहिलेलं सगळं टायगर कुत्र्याच्या घमेल्यात झटकलं.

"आगं, आगं, कोंबडी!"

"कोंबडी कुटली? तुमीच म्हनला न्हवं, औषध हाय म्हनून. काढ्याचा चोथा कोन खातं का?"

हौशीरामांनी मोठ्या आशेनं आरतीकडं पाहिलं. तिनं ओढणी तोंडाला लावली होती.

"आज्जीचं बरोबर आहे, आबा. कस सगळा पाण्यातच उतरतो."

टायगर तंगडी घेऊन कडब्याच्या गंजीमागं गेला. हौशीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातात पेला आला, काळा, कडू, अळणी. आपल्याच तोंडानं मागितलेलं औषध त्यांनी नाक दाबून घोटलं.

"गुडघ्याला बरं वाटतंय?" कुशाबाईनं विचारलं.

"लई," ते म्हणाले.

"मग ती खिशातली मिठाची पुडी द्या हिकडं. शेवग्याच्या आमटीला लागंल."